डावी किनार

१

आमच्या खोलीत बोलायला मनाई होती. ती नोकरी मला आवडली, त्याचं हे पहिलं कारण.

खोली झेन्सव्हिल गावाच्या कडेला, फरशांच्या एका गोदामामागे होती. खिडक्यांना काळा कागद लावलेला, तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि दिव्याखाली काळ्या बनातीचा तुकडा. देशभरातून लोक आमच्याकडे बेसबॉलची जुनी कार्डं पाठवत. काही कार्डं त्यांच्या पणजोबांच्या काळातली, सिगारेटच्या पाकिटातून निघालेली. आम्ही भिंगातून कोपरे बघायचे, कडा बघायच्या, चित्राभोवतीची पांढरी किनार चारही बाजूंनी मोजायची आणि एक ते दहामध्ये गुण द्यायचे. मग कार्ड चपट्या, पारदर्शक डबीत कायमचं बंद व्हायचं. वर गुणांची चिठ्ठी.

प्रत्येक कार्ड दोघं बघत, वेगवेगळे. आपला आकडा कागदावर लिहायचा आणि कागद पालथा ठेवायचा. दोन आकडे जुळले नाहीत तर मिसेस ट्रॅस्क निवाडा करत. त्या आमच्या प्रमुख. पन्नाशीच्या, तोंडात कायम ज्येष्ठमधाची काळी गोळी.

पहिलं टेबल त्यांचं, दुसऱ्यावर ओडेल फेन्स्की बसे. तिसरी खुर्ची रिकामी होती आणि उन्हाळ्यापासून मी तिच्यावर उमेदवारी करत होतो. शाळा मी दहावीत सोडली, कारण तिथे उभं राहून मोठ्याने वाचावं लागे. पुढे किराणा दुकानात लागलो, तर तिथे माइकवरून किंमत विचारावी लागे. मी माइक उचलायचोच नाही, डबा हातात घेऊन सगळं दुकान पार करून विचारून यायचो. गिऱ्हाइकं वैतागायची. इथे मात्र गप्प बसणं हेच काम होतं, आणि ते मला चांगलं जमत होतं. रोज सकाळी दिवा लावताना मला आनंद व्हायचा.

ती खुर्ची मला हवी होती. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

"शेवटी एक चाचणी घेईन," मिसेस ट्रॅस्क म्हणाल्या होत्या. "तू आधी बघितलेली कार्डं पुन्हा तुझ्यापुढे ठेवीन. तेव्हा दिलेस तेच गुण आज दिलेस, तर खुर्ची तुझी. ज्याचा डोळा रोज बदलतो तो मला नको."

२

ते साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. ऑगस्टमध्ये बेसबॉलचे खेळाडू संपावर गेले आणि देशातली सगळी मोठी मैदानं ओस पडली. आमच्याकडे मात्र पाकिटांचा पाऊस. ताजा खेळ नाही म्हटल्यावर लोक माळ्यावरची खोकी उघडून बसले होते.

"बघ राजा," ओडेल दाराबाहेर सिगारेट ओढत म्हणाला, "जिवंत आहेत ते घरी बसलेत, आणि मेलेले अजून हातमोजा चढवून कार्डात उभे आहेत. कामाची निष्ठा बघ."

त्याच आठवड्यात रॅडिगनचं कार्ड आलं.

रॅडिगन हा कोणी नावाजलेला खेळाडू नव्हता. छोट्या गावाच्या संघातला, लांब मैदानात, म्हणजे कुंपणाजवळ, झेल घ्यायला उभा राहणारा. पण त्याचं कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या सिगारेटी फार दिवस चालल्या नाहीत, म्हणून तिची कार्डं थोडी. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. नारिंगी आकाश, लाकडी कुंपण, गुडघ्यापर्यंत गवत, आणि मधोमध लाल टोपीतला उंच माणूस. डावीकडे हात लांबवलेला. हातात चामड्याचा जुन्या पद्धतीचा मोजा, फुगीर, बोटं आखूड. चेंडू चित्रात नव्हता. तो डावीकडून कुठून तरी यायचा असावा.

इतकं सुंदर काही माझ्या दिव्याखाली आलं नव्हतं. आकाशात, टोपीच्या वर, टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका होता, छापतानाच पडलेला. कोपरे किंचित मऊ झालेले. डावी किनार उजवीपेक्षा केसभर अरुंद. मी सहा लिहिले. ओडेलनेही सहाच लिहिले.

"कोणाचं आहे?" मी दाराबाहेर विचारलं.

"ड्रिस्केलचं. मन्सी गावचा न्हावी, आता दुकान विकून बसलाय. तो आपला जावई आहे. सण असो नसो, येतोच. सात मिळाल्याशिवाय त्याला झोप लागायची नाही. डबी पोचली की पक्कड घेऊन फोडणार आणि कार्ड पुन्हा पाठवणार."

ही रीतच आहे. गुण कमी मिळाले की डबी फोडायची आणि कार्ड कोरं म्हणून परत पाठवायचं, न जाणो या खेपेस कोणाचा डोळा मऊ असला तर. आम्हीही त्याबद्दल कोणाला बोलत नसू.

३

ते परत आलं तेव्हा पाकीट उघडताच मी ओळखलं. ठिपका तोच, कोपऱ्यांचा मऊपणा तोच. पण डावी किनार निम्मी झाली होती.

मी घाईने खुर्ची पुढे ओढली, भीतीने नव्हे. डावी कड कोणीतरी कापली आहे, असंच मला वाटलं. खराब कड लपवायला कापलेलं कार्ड पकडणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी शिकार असते. ओडेलने उभ्या जन्मात तीन पकडली होती आणि त्या तिन्हींच्या गोष्टी तो अजून सांगायचा. मी पट्टी घेतली, रुंदी मोजली.

रुंदी पूर्ण होती. केसाचाही फरक नाही.

उजवी किनार मोजली. ती वाढली होती. डावीकडे जेवढं कमी झालं, तेवढंच उजवीकडे जास्त. कागद तोच, चित्र तेवढंच, फक्त चित्र कागदावर डावीकडे सरकलेलं. शंभर वर्षांपूर्वीची शाई सरकत नाही. म्हणजे पहिल्या वेळी मोजताना मीच चुकलो असणार. किंवा ड्रिस्केलकडे दोन कार्डं असतील आणि दोन्हींवर एकाच जागी ठिपका असेल. छपाईच्या एकाच दगडावरून निघालेली कार्डं तशी असू शकतात. हे पटण्यासारखं होतं आणि मी ते स्वतःला दोनदा पटवलं. मग जे दिसत होतं ते लिहिलं. चार.

मिसेस ट्रॅस्कनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"ओडेलचे सहा, तुझे चार. मागच्या खेपेस तूच सहा दिले होतेस."

"किनार," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेवढाच शब्द निघाला.

त्यांनी भिंग लावलं, कोपऱ्यांवरून फिरवलं आणि बाजूला ठेवलं. "सहा आहे हे. वेंडेल, नीट ऐक. कोपरे बघ, कडा बघ, पृष्ठभाग बघ. चित्र बघायचं काम गिऱ्हाइकाचं. तू चित्रात रमतोस, म्हणून डोळा हलतो. चाचणीत असं केलंस तर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

"हो, मिसेस ट्रॅस्क."

"आणि हो म्हणताना माणसाकडे बघावं."

मी बघितलं. त्या चिडलेल्या नव्हत्या, उलट त्यांना मी हवा होतो. म्हणून जास्तच वाईट वाटलं.

कार्ड डबीत बंद झालं आणि टपालगाडीच्या फळीवर लागलं. शुक्रवारी जाताना मी वाकून त्याची किनार डोळ्यांनी मोजून ठेवली. सोमवारी आल्या आल्या पुन्हा बघितली. बदल नव्हता. मला एकदम हलकं वाटलं. बंद असताना ते हलत नाही, म्हणजे हलतच नाही, म्हणजे चूक माझीच.

तेव्हा मी असा हिशेब केला. तो अर्धाच होता.

४

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते तिसऱ्यांदा आलं.

"आले जावईबापू," ओडेल पुटपुटला. कार्ड त्याने पाकिटातून काढलं, बनातीवर ठेवलं आणि दिवा सरळही न करता सहा लिहून टाकले.

"बघितलंसुद्धा नाहीस," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"बाळा, बायकोचा चेहरा मी रोज मोजतो का?"

मी ते माझ्या टेबलावर घेतलं. किनार आता दोऱ्याएवढी राहिली होती. बाहेर दुपारच्या जेवणाची वेळ झाली, ओडेल आणि मिसेस ट्रॅस्क कोपऱ्यावरच्या हॉटेलात सूप प्यायला गेले. मी डबा आणत असे, म्हणून थांबलो. मी कार्डाच्या डाव्या कडेला पट्टी लावून ठेवली, पट्टीची रेघ मोज्याच्या बोटांना चिकटेल अशी. मग मुद्दाम पाठ करून बसलो आणि सँडविच खाल्लं.

खाताना बाहेरून आवाज आला. थप्. चेंडू चामड्यात बसल्यावर होतो तसा, कोरडा. थोड्या वेळाने पुन्हा. थप्. गोदामातली पोरं जेवणानंतर खेळत असतील, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं, कारण कित्येक आठवड्यांत तो आवाज ऐकला नव्हता. मी दार उघडून बघितलं. आवारात ऊन होतं, गोदामाचा एक ट्रक उभा होता, माणूस कोणीच नव्हता.

दारात उभा असतानाच तो परत आला. थप्. बाहेरून नव्हे, पाठीमागून, खोलीतून.

दोघं झेल खेळतात तेव्हा आवाज दोन ठिकाणांहून येतो, एकदा इकडून, एकदा तिकडून. हा एकाच जागेवरून येत होता. कोणीतरी रिकाम्या मोज्यात आपलीच मूठ आपटत होतं. लांब मैदानात वाट बघणारा खेळाडू कंटाळला की आपटतो तशी.

मी टेबलापाशी आलो. खोली शांत. पट्टी होती तिथेच होती. मोज्याची बोटं रेघ ओलांडून पट्टीखाली गेली होती.

मी भिंग उचललं, ठेवलं, परत उचललं. मला हसू येत होतं. आता लिहिताना हे विचित्र वाटतं, पण तेव्हा माझ्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. मी चुकलो नव्हतो. माझा डोळा पक्का होता. डबीत ते हलत नाही, डबीबाहेर हलतं. ड्रिस्केल दर वेळी डबी फोडतो आणि दर वेळी चित्रातल्या माणसाला थोडी मोकळी जागा मिळते. एवढं मोठं काहीतरी मला, ज्याला माइक उचलता येत नव्हता त्या मला कळलं होतं, आणि ते सांगायला माझ्याकडे एक शब्दही नव्हता.

पायऱ्यांवर त्यांची पावलं वाजली. मला खुर्ची आठवली. मी सहा लिहिले.

मिसेस ट्रॅस्कनी दोन्ही कागद उलटे केले आणि मान डोलावली. "छान. हे मी चाचणीसाठी बाजूला ठेवते. ड्रिस्केलला चार दिवस उशीर झाला तर मरणार नाही."

त्यांनी ते डबीत न घालता, उघडंच, आपल्या खणात ठेवलं.

५

चाचणी शुक्रवारी सकाळी झाली. ओडेलला त्यांनी बाहेर पाठवलं आणि स्वतः माझ्यासमोर बसल्या. चिठ्ठ्या नसलेली कार्डं एकेक करून पुढे आली. मी पहिल्यांदा दिलेले आकडे मला आठवत नव्हते, आठवायची गरजही नव्हती. कार्ड बघितलं की आकडा आपोआप यायचा. मिसेस ट्रॅस्क आपल्याकडच्या आकड्याशी ताडून बघायच्या आणि त्यांच्या तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात जायची. जुळतंय, हे मला त्यावरून कळत होतं. खुर्ची माझ्या पाठीला चिकटत चालली होती.

शेवटचं रॅडिगनचं होतं.

मी ते चिमट्याने बनातीवर ठेवलं. डावी किनार नव्हतीच. हात मनगटापर्यंत चित्रात होता. तिथे कागद संपत होता, आणि मोजा चित्रात कुठेच नव्हता.

मी खाली बघितलं. कागदाच्या कडेपलीकडे बनात दबलेली होती. मखमलीवर बोट टेकवल्यावर लव बसते तशी. चार गोल खळगे, आखूड, शेजारी शेजारी. भिंगाच्या पायाने पडले असतील, मी मनात म्हटलं. पण भिंगाचा पाय म्हणजे एक अखंड वर्तुळ. मग चिमट्याने. पण चिमट्याचं टोक सुईसारखं.

मी बघत असतानाच त्या चारांच्या खाली, थोडा आडवा, पाचवा खळगा पडला. सावकाश. कोणी अंगठ्यावर भार देऊन स्वतःला वर ओढावं तसा.

"आकडा, वेंडेल," मिसेस ट्रॅस्क म्हणाल्या.

सहा लिहिले की खुर्ची मिळणार होती. आणि सहा लिहिले की ड्रिस्केल पक्कड घेणार होता. दोन लिहिले तरी तो पक्कड घेणारच होता, आणखी चिडून. सात मिळाले तर आठासाठी. या लोकांना मी ओळखत होतो. त्यांचा हात एकाच आकड्यापुढे थांबतो.

मी दहा लिहिले आणि कागद पालथा ठेवला.

त्यांनी तो उलटला.

"हे काय आहे?"

मी बोटाने कार्डाकडे दाखवलं.

"तोंडाने सांग. सगळी जुळली होती, पोरा. सगळीच्या सगळी. एवढं एक राहिलं होतं. हे का?"

"सहा दिले की तो फोडतो."

"फोडू दे. कार्ड त्याचं आहे."

"दहा कोणी फोडत नाही," मी म्हणालो. "बाई, चित्र बघा. एकदाच बघा."

त्यांनी सुस्कारा टाकून भिंग ओढलं. आधी सवयीने कोपऱ्यांवर गेल्या. मग भिंग हळूहळू मध्ये आलं, हातावरून डावीकडे गेलं आणि थांबलं. मग त्यांनी भिंग काढून नुसत्या डोळ्यांनी बनातीकडे बघितलं. एक बोट त्या खळग्यांकडे नेलं. टेकवायच्या आधीच बोट मागे घेतलं आणि भाजलेलं बोट धरावं तसं दुसऱ्या हातात धरून ठेवलं.

त्या उठल्या. चिमट्याने कार्ड उचललं आणि डबी चिकटवायच्या यंत्रापाशी गेल्या. यंत्राचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी दाबला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ दाबून धरला. वर दहाची चिठ्ठी लावली. परत येऊन बनातीचा तुकडा चारही टोकांनी उचलला, गाठ मारली आणि बाहेरच्या कचराकुंडीत टाकून आल्या.

"घरी जा," त्या म्हणाल्या. गोळी त्यांनी कधी गिळली होती कोण जाणे. "खुर्चीचं कळवते."

६

धुलाईच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत मी तो सगळा आठवडा येरझारा घातल्या. वाईट वाटायला हवं होतं. सहाच्या कार्डाला दहा देणारा माणूस त्या खोलीत बसूच शकत नाही, हे मलाही कळत होतं. तरी मन फुलून आलं होतं. मी बघितलं होतं, मी ते थांबवलं होतं, आणि खोटं लिहायचं धाडस केलं होतं. जिन्याखालचा टेलिफोन वाजला की मी धावत जायचो.

शनिवारी दुपारी तो माझ्यासाठी वाजला.

"राजा, सोमवारी ये," ओडेल म्हणाला. "खुर्ची तुझी. बाईंना काय झालंय कळत नाही. बघणारा एक तरी हवा म्हणतात. आणि इतकी वर्षं मी काय डोळे मिटून बसलो होतो?"

"मी येतो," एवढं म्हणालो.

"थांब, गंमत ऐक. जावईबापूंचा फोन आला होता. रडत होता म्हातारा. पार्सल पोचलं तेव्हा पक्कड शेजारीच तयार होती. सवयच ना. चिठ्ठी वाचायच्या आधीच त्याने डबी फोडली." ओडेलला हसू आवरेना. "मग चिठ्ठी बघितली तर दहा. जन्मात पहिल्यांदा. आता म्हणतो, चिठ्ठी आणि कार्ड दोन्ही पाठवली आहेत, पाया पडतो, होतं तसं बंद करून द्या. वेंडेल? आहेस का?"

"कार्ड कसं आहे म्हणाला?"

"एकदम झकास. म्हणे, मी स्वतः मोजलं, तुमची माणसं बरोबर होती. चारही किनारी सारख्या."

सोमवारी मी वेळेआधी गेलो. माझ्या टेबलावर नवी बनात होती आणि खुर्चीच्या पाठीवर चिकटपट्टीने माझं नाव लावलेलं होतं. टपाल आलं. मन्सीचं पाकीट वरच होतं. ओडेलने ते फोडलं, कार्ड माझ्याकडे सरकवलं आणि सवयीने सहा लिहून कागद पालथा ठेवला.

मी दिवा सरळ केला.

चार कोपरे, आता धारदार. डावी किनार, उजवी किनार, वरची, खालची, केसाचाही फरक नाही. आकाशात तो तपकिरी ठिपका. नारिंगी आकाश, लाकडी कुंपण, गुडघ्यापर्यंत गवत. मधोमध थोडं गवत दबलेलं होतं, कोणी बराच वेळ एका जागी उभं राहून गेल्यावर दबतं तसं. एवढंच. बाकी चित्रात कोणी नव्हतं.

"बाई," मी हाक मारली. त्या खोलीत मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो.

त्या आल्या, माझ्या खांद्यावरून वाकल्या, बघितलं, आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं. त्या मन्सीचा नंबर फिरवताना मला दिसत होत्या. रिसीव्हर कानाशी धरून त्या उभ्या राहिल्या. पलीकडे वाजत असणार, कारण त्यांचे ओठ हलत नव्हते. त्यांनी फोन ठेवला, पुन्हा फिरवला आणि पुन्हा तशाच उभ्या राहिल्या.

"लिही ना," ओडेल पुटपुटला. "काय बघत बसलायस?"

मी दहा लिहिले. या वेळी त्यात काही खोटं नव्हतं.